बिस्मार्कचा पांढरा कोट

१८७१ सालचा जानेवारी. कार्ल्सरूहमध्ये राहणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या एका चित्रकाराच्या दारी तार आली. पाठवणारा होता प्रशियाच्या युवराजाच्या पदरचा दरबारी अधिकारी ऑयलेनबुर्ग. निरोप युवराजाचा होता आणि अगदी त्रोटक होता: अठरा तारखेच्या आत व्हर्सायला पोचलात, तर आपल्या कुंचल्याला साजेसं काही पाहायला मिळेल. काय पाहायला मिळेल, याचा एका अक्षरानेही उल्लेख नव्हता. चित्रकाराने सामान बांधलं. वाट फ्रान्स-प्रशिया युद्धाने पोळलेल्या मुलखातून जाणारी होती. ऐन अठरा तारखेच्या सकाळी तो व्हर्सायला पोचला आणि त्याच दिवशी चौदाव्या लुईच्या राजवाड्यातल्या आरसे महालात जाऊन उभा राहिला. भोवती गणवेश, पदकं, तलवारी. हा मात्र साध्या नागरी पोशाखात, हातात चित्रवही घेऊन.

त्या चित्रकाराचं नाव आंतोन फॉन वेर्नर. त्या दिवशी त्याने जो पाहिला तो होता जर्मन साम्राज्याचा जन्मक्षण. शाळेत जर्मनीच्या एकीकरणाचा धडा शिकलेल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे या प्रसंगाचं एक चित्र असतं: डावीकडे पायऱ्यांवर उभा प्रशियाचा राजा विल्हेल्म, उंचावलेल्या तलवारी, आणि खाली मधोमध, सगळ्यांच्या नजरा ओढून घेणारा, पांढऱ्या कोटातला त्याचा पंतप्रधान बिस्मार्क. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आणि इतिहासाच्या ग्रंथांत हे चित्र छापलं गेलं आहे. ते वेर्नरचंच. ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिला त्यानेच काढलेलं, म्हणजे साक्षीपुराव्यासारखं, असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

प्रत्यक्षात त्या दिवशी बिस्मार्कचा कोट निळा होता.

समारंभ फार लांबला नाही. आधी प्रार्थना झाली, पाद्र्याचं प्रवचन झालं. मग विल्हेल्म चार शब्द बोलला, बिस्मार्कने घोषणापत्र वाचलं, बाडेनच्या ग्रँड ड्यूकने पुढे येऊन नव्या सम्राटाचा जयजयकार केला, आणि संपलं. वेर्नरच्या आठवणी १९१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यात त्याने स्वच्छ लिहून ठेवलं आहे की हा सगळा प्रकार विलक्षण साधेपणाने आणि झटपट उरकला. बिस्मार्क काय वाचत होता इकडे त्याचं धड लक्षही नव्हतं. चेहरे, उभं राहण्याच्या तऱ्हा, खिडक्यांतून येणारा उजेड, हे सगळं टिपण्यात तो गुंतला होता.

त्या साधेपणाआड एक भांडण धुमसत होतं. विल्हेल्मला ‘जर्मनीचा सम्राट’ व्हायचं होतं. बिस्मार्कचा आग्रह होता ‘जर्मन सम्राट’ या उपाधीचा. वरवर पाहता शब्दांचा खेळ, पण पहिल्या उपाधीत सगळ्या मुलखावर हक्क सांगितल्यासारखं होत होतं आणि बव्हेरियासारख्या राज्यांचे राजे ते खपवून घेणार नव्हते. आदल्या दिवशी यावरून खडाजंगी झाली. शेवटी बाडेनच्या ग्रँड ड्यूकने दोन्ही शब्द टाळून नुसत्या ‘सम्राट विल्हेल्म’चा जयजयकार केला आणि वेळ मारून नेली. विल्हेल्म मंचावरून उतरला तो बिस्मार्कशी हस्तांदोलन न करता, त्याच्याकडे पाठ फिरवून पुढे निघून गेला. ज्या माणसाने त्याला सम्राट केलं, त्याच्याशी तो त्या दिवशी बोललासुद्धा नाही. हा क्षण वेर्नरने एकाही चित्रात रंगवलेला नाही.

वेर्नरचा जन्म ९ मे १८४३ रोजी ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमध्ये झाला. (माइन नदीवरचं मोठं फ्रांकफुर्ट ते वेगळं.) घराण्याच्या नावात खानदानी ‘फॉन’ होतं, घरात मात्र सुतारकाम. पोर चौदा वर्षांचं झालं तेव्हा त्याला घरांच्या भिंती रंगवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. भिंतीवर रेषा कशी ओढायची, मोठी जागा मापात कशी बसवायची, काम मुदतीत कसं संपवायचं, हे तो तिथे शिकला. पुढे आयुष्यभर त्याने जी अवाढव्य कामं हातावेगळी केली, त्यांचं मूळ मला या उमेदवारीत दिसतं. तिथून बर्लिनची कला अकादमी, आणि १८६२ मध्ये कार्ल्सरूह. तिथे कार्ल फ्रीडरिश लेसिंग होता. धर्मसभेपुढे उभ्या ठाकलेल्या यान हुसची चित्रं काढून गाजलेला हा चित्रकार इतिहासचित्रांच्या परंपरेतला बुजुर्ग. आडोल्फ श्र्योटर हा दुसरा गुरू. त्याच्या मुलीशी, मालवीनशी, पुढे १८७१ मध्ये वेर्नरने लग्न केलं. कवी शेफेल इथलाच स्नेही, आणि त्याच्या पुस्तकांना काढलेल्या चित्रांमुळे वेर्नरचं नाव प्रथम घरोघरी गेलं.

त्या काळच्या युरोपात चित्रकलेच्या उतरंडीत इतिहासचित्र सगळ्यांत वरचं मानलं जाई. निसर्गचित्र, फळाफुलांची मांडणी, व्यक्तिचित्र, ही सगळी त्याच्या खालच्या पायऱ्यांवर. इतिहासचित्र काढणाऱ्याला शरीरशास्त्र यायला हवं, वास्तू यायला हवी, वस्त्रं-शस्त्रं यायला हवीत, आणि एका क्षणात सगळी कथा पकडता यायला हवी. पण बहुतेक चित्रकार दूरचा इतिहास रंगवत. वेर्नरच्या वाट्याला आलं ते निराळं: समोर घडणाऱ्या गोष्टीलाच इतिहास म्हणून रंगवण्याचं काम. ज्यांना रंगवायचं ती माणसं जिवंत होती, मानापमान जपणारी होती, आणि पैसेही तीच देणार होती.

व्हर्सायच्या प्रसंगाचं पहिलं मोठं चित्र पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. २२ मार्च १८७७ रोजी, विल्हेल्मच्या ऐंशीव्या वाढदिवशी, जर्मन राजेरजवाड्यांनी ते सम्राटाला भेट दिलं. रुंदी सात मीटरहून जास्त, उंची चार मीटरहून जास्त. आज ते अस्तित्वात नाही. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांतून जे दिसतं ते असं: लांबच लांब महाल, उंच आरसे, आणि गणवेशांचा समुद्र. राजा एका बाजूला, मंचावर, इतरांपेक्षा फार मोठा न दिसणारा. बिस्मार्क मंचाखाली, गर्दीतला एक. पाहणारा जणू महालाच्या दुसऱ्या बाजूला टाचा उंचावून उभा आहे आणि पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहतो आहे. वेर्नर स्वतः त्या दिवशी जवळपास असाच उभा होता. या चित्रात मला साक्षीदाराची दृष्टी दिसते. जयजयकाराचा क्षण भव्य आहे, पण गर्दी ही गर्दीच आहे.

दुसरं चित्र १८८२ चं. बर्लिनच्या जुन्या शस्त्रागाराचं, त्सॉयगहाउसचं, प्रशियाच्या सैन्याच्या गौरवमंदिरात रूपांतर झालं, त्याच्या भिंतीसाठी काढलेलं. इथे महाल आखूड झाला, गर्दी विरळ झाली आणि मुख्य माणसं पुढे आली.

तिसरं १८८५ चं. १ एप्रिलला बिस्मार्क सत्तर वर्षांचा झाला, तेव्हा राजघराण्याने त्याला द्यायची भेट म्हणून ते काढून घेतलं. आकार पहिल्याच्या मानाने बराच लहान: १६७ सेंटीमीटर उंच आणि २०२ सेंटीमीटर रुंद. इथे आपण महालाच्या टोकाशी नाही, अगदी मंचापाशी पोचलो आहोत. आणि इथे बिस्मार्कने पांढरा कोट घातला आहे. चिलखती घोडदळाचा हा झगझगीत पांढरा पोशाख भोवतीच्या निळ्या-काळ्या गणवेशांत दिव्यासारखा उठून दिसतो. त्याच्यावर ‘पुर ल मेरित’ हे प्रशियाचं मानाचं पदक आहे. ते पदक बिस्मार्कला मिळालं १८८४ मध्ये, म्हणजे चित्रातल्या प्रसंगानंतर तेरा वर्षांनी.

तिन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लपत नाही. जसजशी वर्षं उलटत गेली, तसतसा राजा मागे सरकत गेला आणि बिस्मार्क पुढे येत गेला. पहिल्या चित्रात साम्राज्य अनेकांनी मिळून उभं केलेलं दिसतं. तिसऱ्यात ते एका माणसाने दुसऱ्याच्या हाती दिलेलं दिसतं. आणि हे करणारा चित्रकार कोण? गणवेशावरचं बटण चुकू नये म्हणून तासन्‌तास अभ्यास करणारा, प्रत्येक चेहऱ्यासाठी त्या त्या माणसाला समोर बसवून रेखाटणारा वेर्नर. बारीकसारीक सगळं खरं, आणि ऐन मध्यभागी जे आहे ते खोटं. मला यात नुसती लाचारी दिसत नाही. बारकाव्यांच्या खरेपणावर पाहणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि त्या विश्वासाच्या आधारावर मधला पांढरा कोट सहज खपून जातो. हे कौशल्य आहे, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं.

बर्लिनमध्येच, त्याच काळात, आडोल्फ मेंट्सेल हा चित्रकार होता. विल्हेल्मचा १८६१ मधला राज्याभिषेक त्यानेही रंगवला. त्यासाठी १३२ माणसांचे चेहरे त्याने टिपले, चार वर्षं त्यात घातली. त्याआधी थोरल्या फ्रीडरिशचं, लॉयटनच्या लढाईआधी सेनापतींशी बोलतानाचं, एक प्रचंड चित्र त्याने घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात ते आहे. मधोमध राजाची जागा रिकामी, नुसता कॅनव्हास. वेर्नरच्या चित्रात अशी रिकामी जागा कधीच राहिली नाही. मागितलेलं काम तो पुरं करून देत असे.

कामंही केवढी! १६ जून १८७१ रोजी विजयी सैन्य बर्लिनमध्ये शिरलं, तेव्हा उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यावर आडव्या टांगलेल्या रंगीत पडद्यांपैकी एक त्याचा होता. विजयस्तंभावर चौफेर फिरणारं मोझेक त्याच्या आराखड्यावरून व्हेनिसच्या साल्व्हियातीच्या कारखान्यात तयार झालं. आज बर्लिनला जाणारा प्रत्येक पर्यटक तो सोनेरी देवतेचा स्तंभ पाहतो, पण खालच्या खांबांमागे वेर्नर आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १८७८ च्या बर्लिन परिषदेचं चित्र त्याने १८८१ मध्ये शहरासाठी पुरं केलं. बाल्कनचा नकाशा नव्याने आखणारे युरोपचे मुत्सद्दी त्यात आहेत, मधोमध रशियाच्या शुवालोव्हचा हात हातात घेतलेला बिस्मार्क, डावीकडे गोर्चाकोव्हशी बोलणारा डिझरायली.

आणि फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या सेडानच्या लढाईचं पॅनोरामा. सिनेमाच्या आधीच्या काळात पॅनोरामा हा लोकांचा सगळ्यांत मोठा तमाशा होता: गोल इमारत, मधोमध चौथरा, आणि भोवती सलग वर्तुळाकार चित्र, असं की आपण रणांगणात उभे आहोत असंच वाटावं. १ सप्टेंबर १८८३ रोजी, लढाईच्या तेराव्या स्मृतिदिनी, अलेक्सांडरप्लात्सजवळ ते उघडलं. उंची १५ मीटर, घेर ११५ मीटर. निसर्गदृश्यांसाठी ऑयगेन ब्राख्तचं साहाय्य होतं. शेजारीच नवी शहरी रेल्वे, त्यामुळे शाळांची मुलं, माजी सैनिक, बायाबापड्या, सगळे तिथे जाऊ शकत. ज्यांना राजवाड्यातलं चित्र कधी दिसणार नव्हतं, त्यांच्यासाठी साम्राज्याचा इतिहास म्हणजे ही गोल भिंत. पुढे सिनेमा आला आणि पॅनोरामाचे दिवस सरले.

हीच चित्रं छापील प्रतींतून घरोघरीही गेली. रंगीत छपाईत जर्मनी तेव्हा अग्रेसर होता. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या भरवशावर. त्यांतला फ्रिट्झ श्लायशर पुढे त्या छापखान्याचा मालकच झाला. छापखाना नंतर जिथे हलला, त्या लोणावळ्याजवळच्या मळवलीहून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींनी आपल्या घरांतल्या देवांना चेहरा दिला. छापलेलं चित्र एकदा भिंतीवर लागलं की तेच खरं रूप होऊन बसतं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आता मला आवडणाऱ्या वेर्नरकडे येतो. १८७० च्या ऑक्टोबरमध्ये, तारेच्या तीन महिने आधी, तो पहिल्यांदा युद्धभूमीवर आला होता. किएलच्या कलासंस्थेसाठी पॅरिसपुढे उभ्या सेनापती मोल्टकेचं चित्र काढायचं होतं. त्या मुक्कामात त्याची चित्रवही भरली. ब्रुनुआ गावच्या एका हवेलीत सैनिक उतरले होते, तिथलं एक रेखाटन त्याने चोवीस वर्षं जपून ठेवलं आणि १८९४ मध्ये त्यावरून तैलचित्र केलं. ‘पॅरिसपुढच्या मुक्कामी’ असं त्याचं नाव मराठीत करता येईल.

फ्रेंच श्रीमंताची हवेली. सोनेरी नक्षीची भिंत, नाजूक खुर्च्या. संध्याकाळ झाली आहे. चिखलाने माखलेले बूट घातलेले सैनिक पसरून बसले आहेत. एक जण शेकोटी पेटवतो आहे, गालिच्यावर लाकडाच्या ढलप्या पडल्या आहेत. एक जण पियानो वाजवतो आहे आणि त्याच्याशेजारी उभा दुसरा गातो आहे. गाणं शूबर्टचं, समुद्रावरचं. दाराशी घराची राखण करणारी फ्रेंच बाई आणि तिची लहानगी पोर ऐकत उभ्या आहेत. दिव्याचा उजेड पियानोवर, शेकोटीचा जमिनीवर, आणि बाहेरच्या संध्याकाळचा निळेपणा काचांवर.

या चित्रावरही आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. रांगडे जर्मन सुसंस्कृत आहेत, गातात, आणि जिंकलेला देश तोंडात बोट घालून ऐकतो, असा गर्व त्यात वाचता येतो. तरीही माझी नजर दरवेळी त्या बुटांवर जाते. इथे कुणी कुणाला मुजरा करत नाही. थकलेली, घरापासून दूर असलेली माणसं आहेत आणि त्यांनी दुसऱ्याचं घर घाण केलं आहे. शिवाय ते गाणं! त्याचे शब्द हाइनेचे. हाइने जन्माने ज्यू, जर्मन राजवटींना नकोसा झालेला. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं त्याने पॅरिसमध्ये काढली आणि १८५६ मध्ये तिथेच त्याने प्राण सोडला. ज्या शहराला वेढा पडला आहे, त्याच शहरात पुरलेल्या कवीचं गाणं वेढा घालणारे म्हणत आहेत. वेर्नरने हे मुद्दाम योजलं की त्या रात्री खरोखरच तेच गाणं चाललं होतं म्हणून रंगवलं, कसंही असो. पाहिलेल्या गोष्टीशी इमान राखलं की चित्रात केवढं मावतं, ते इथे दिसतं.

असा डोळा असलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा प्रयत्न करावा, ही त्याच्या आयुष्यातली मला सगळ्यांत दुःखद वाटणारी गोष्ट. १८७५ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो बर्लिनच्या उच्च कलाशाळेचा संचालक झाला आणि मरेपर्यंत, चाळीस वर्षं, त्या खुर्चीत राहिला. त्याच्याच कारकिर्दीत १९०२ मध्ये शाळेची शार्लोटेनबुर्गमधली नवी वास्तू उभी राहिली. शिस्त, आराखडा, शरीराभ्यास, यांत तो कसलेला शिक्षक होता. पण आपण जिथे थांबलो तिथेच चित्रकला थांबली पाहिजे असं त्याला वाटू लागलं. स्त्रियांना त्या शाळेचा दरवाजा उघडला तो १९१९ मध्ये, त्याच्या मागे.

१८९२ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या चित्रकार संघाने एका तरुण नॉर्वेजियन चित्रकाराला प्रदर्शनासाठी बोलावलं. त्याचं नाव एडवर्ड मुंक. संघाचा अध्यक्ष वेर्नर. ५ तारखेला पंचावन्न चित्रं लागली आणि गहजब झाला. अर्धवट, ओबडधोबड, कलेचा अपमान, अशी ओरड सुरू झाली. वेर्नरच्या बाजूच्या सभासदांनी सभा बोलावली. १२० विरुद्ध १०५ मतांनी ठराव झाला आणि आठवडाभरातच प्रदर्शन गुंडाळलं गेलं. घरी बोलावलेल्या पाहुण्याला असं हाकलणं कित्येकांना सहन झालं नाही, आणि त्यांत मुंकची चित्रं न आवडणारेही होते. संघात उभी फूट पडली. त्या फुटीतून, पुढच्या आणखी कुरबुरींनंतर, १८९८ मध्ये माक्स लीबरमानच्या नेतृत्वाखाली बर्लिनचा ‘सेझेशन’ हा बंडखोर गट उभा राहिला. मुंकला या गोंधळाने नावच मिळवून दिलं. तीच चित्रं घेऊन तो ड्युसेलडॉर्फ आणि कोलोनला गेला, मग बर्लिनमध्येच राहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘किंकाळी’ रंगवली.

किती अंतर आहे पाहा. १८९३ मध्ये मुंकची ‘किंकाळी’, आणि त्याच वर्षी वेर्नरने पुरं केलेलं चित्र म्हणजे दुसऱ्या विल्हेल्मने केलेलं १८८८ मधलं संसदेचं उद्घाटन: शेकडो चेहरे, लाल झगे, सगळे ओळखू येतील असे. वेर्नरला साथ देणारा युवराज फ्रीडरिश, ती तार पाठवायला लावणारा, नव्व्याण्णव दिवस सम्राट राहून कर्करोगाने गेला होता. नव्या सम्राटाला, म्हणजे या दुसऱ्या विल्हेल्मला, वेर्नरची कला मनापासून पटत होती. राजाला पटते तीच कला, हे समीकरण दोघांनी मिळून घट्ट केलं, आणि त्यामुळे वेर्नरचं नाव पुढच्या पिढीच्या तोंडी शिवीसारखं येऊ लागलं.

४ जानेवारी १९१५ रोजी बर्लिनमध्ये तो वारला. महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते. त्याने रंगवलेलं साम्राज्य त्याच्यानंतर चार वर्षंही टिकलं नाही. २८ जून १९१९ रोजी पराभूत जर्मनीच्या प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या त्या व्हर्सायच्या त्याच आरसे महालात. फ्रान्सने ती जागा विसरून निवडलेली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात राजवाड्यातलं पहिलं चित्र गेलं, शस्त्रागारातलं दुसरंही गेलं. उरलं ते तिसरं, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त बदललेलं. साक्षीदाराने जे पाहिलं होतं ते जळालं, आणि जे एका वाढदिवसासाठी सजवलं होतं ते इतिहासाचा पुरावा म्हणून पुस्तकांत छापलं जाऊ लागलं. १९९३ मध्ये बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाने वेर्नरचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं गेलं.

माझं मत विचाराल तर वेर्नर लहान चित्रकार नव्हता. त्याच्या चित्रवह्यांत, रेखाटनांत, ब्रुनुआच्या त्या संध्याकाळी एक फार मोठा चित्रकार आहे, आणि मोठ्या कॅनव्हासांवर त्याने त्यालाच गप्प बसवलं.

तिसरं चित्र हॅम्बुर्गपासून जवळ, फ्रीडरिश्सरूह या रानातल्या छोट्या गावात, बिस्मार्कच्या संग्रहालयात आहे. हॅम्बुर्ग-बर्लिन लोहमार्गावर हे स्टेशन लागतं. कधी जाणं झालं तर पांढऱ्या कोटावरून नजर काढा आणि भोवतीचे चेहरे एकेक करून पाहा. त्यांत प्रशियाचा युद्धमंत्री आल्ब्रेश्त फॉन रोन सापडेल. १८ जानेवारी १८७१ ला तो आजारी होता, आरसे महालात आलाच नव्हता. आणि १८८५ मध्ये वेर्नरने त्याला तिथे उभं केलं, तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.